ऋजुताच्या दगडातलं बोरॉन

कुठली सून किती वाजता घरी येते, हे डोंबिवलीत तिच्या नवऱ्याआधी सोसायटीतल्या आम्हा म्हाताऱ्यांना कळतं. तिसऱ्या मजल्यावरची ऋजुता रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी खल घेऊन बसते, हीही बातमी अशीच आली. नंदावहिनी म्हणाल्या, मूळव्याधीचं औषध असणार. मी ते चार घरांत पोचवलं.

निघाले दगड.

कल्याणच्या कॉलेजात दिवसभर शिकवून आली, की ती अंदमानकडच्या एका ज्वालामुखीचे खडे पिठासारखे घोटायची. यंत्रात दळले तर पात्याचा धातू पिठात उतरतो, म्हणून हातानं, अकीक दगडाच्या खलात. पीएचडी रेंगाळून शेवटची मुदत आलेली, मनगट कायमचं दुखरं.

"एवढं घोटून निघणार काय?" मी एकदा विचारलं.

"काका, तिकडे समुद्राचा तळ शेजारच्या जमिनीखाली सरकतो, मुरलेलं पाणी घेऊन. खोल गेला की पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि तो वितळतो. पाण्याबरोबर बोरॉन येतं. दगडात ते किती, त्यावरून पाण्याचा अंदाज."

"आमच्या बाथरूमची गळती वरून खाली, तुझी खालून वर."

हसायचंही त्राण तिच्या अंगात नव्हतं.

तपासणीत बोरॉन निघालं ते कुणाला अपेक्षित नव्हतं इतकं. तिच्या गाईड मॅडम खूश. प्रबंधाचा शेवटचा भाग या आकड्यांवर उभा राहिला. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, पेढे वाटले आणि रविवारी नेहमीसारखा त्याच टेबलावर कॅरम मांडला. पावडरीच्या बाबतीत भाऊ उधळे. मूठभर टाकायची, फुंकर मारायची, वर पंखा गरगरतोय.

ऋजुता चहा घेऊन आली ती तिथेच थांबली.

"भाऊ, ही पावडर कसली?"

"बोरिक. बाकीच्या चिकटतात. हिच्यावर स्ट्रायकर कसा पळतो बघ."

तिनं ट्रे ठेवला, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"यातही बोरॉनच असतं, भाऊ."

"अगं, पण कणभर उडत असेल."

"दगडातही कणभरच असतं."

भाऊंच्या हातातली सोंगटी हातातच राहिली. मी म्हटलं, "आता डोंबिवलीत तपासायला कोण येतंय? दे प्रबंध पाठवून."

"काका, तुम्ही ऐकलंत. उद्या बातमी शीळफाट्यापर्यंत जाईल."

तिनं तिथूनच मॅडमना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं,

"खडे उरलेत?"

"थोडेच आहेत, मॅडम."

"मग पुन्हा घोटा. मुदत मी वाढवून घेते. पण एकदाच मिळेल."

पुढचे सगळे रविवार ती कॉलेजच्या रिकाम्या खोलीत घोटत बसली. भाऊ डबा घेऊन जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि तरी दाराबाहेरच स्टुलावर बसायचे. आत या म्हटलं तरी जायचे नाहीत.

नवे आकडे आले त्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली.

"पाणी आहे का गं?"

"आहे. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं तेवढंच."

"मग आता?"

"आता काय, तेवढंच लिहायचं," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेली.