गुरुजींच्या गाडीचा ब्रेक

माझे वडील पुसेगावला शिक्षक होते. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावात सगळे गुरुजी. नोकरीत असतानाच त्यांनी एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली होती, गोल बोनेटची. आता ती पन्नाशीच्या घरात आहे. दादा सत्त्याहत्तरचे झाले, तरी तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाजारातून येताना त्यांनी गाडी गुरांच्या हौदाला नेऊन धडकवली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली माझ्यापुढं ठेवली.

"ब्रेक लागून न्हाई राहिले."

मी गाडी हिंगोलीला नेली. वाटेत ब्रेक दर वेळी लागला. मी हळू चालवतेय, म्हणून लागत असेल, असं मला वाटलं.

तिथले मिस्त्री तीस वर्षं हीच गाडी दुरुस्त करत आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी आधी ब्रेक ऑइल बघितलं; भरलेलं होतं. चाकांच्या आतून बोट फिरवलं. कुठं गळती नव्हती. ड्रम उघडले, लायनर चांगले होते. मग नळीत हवा शिरली असेल, ती काढायला म्हणून त्यांनी मला आत बसवलं आणि स्वतः चाकापाशी ऑइलचा नट सैल करून बसले.

"दाबा ताई. अजून दाबा. आता धरून ठेवा."

चारी चाकांशी तसंच केलं. एक बुडबुडा आला नाही. पायाखाली पेडल घट्ट लागत होतं. तरीही चाचांनी मास्टर सिलिंडरची रबरं बदलली.

आठवड्यानं दादांची पुन्हा तीच तक्रार, ब्रेक लागत नाही. या वेळी ते स्वतः माझ्यासोबत गॅरेजात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या हातात आता काम राहिलं न्हाई."

चाचांचा चेहरा उतरला. हात पुसत ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी चालवा. मी बाजूला बसतो."

मी मागं बसले. औंढ्याच्या रस्त्यावर मोकळी जागा बघून चाचा म्हणाले, "मारा ब्रेक."

"मारला की!" दादा ओरडले. "बघा, लागला का?"

गाडी तशीच पुढं जात होती. चाचांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. गाडी कडेला थांबली. चाचा सगळा वेळ रस्त्याकडं नाही, दादांच्या पायाकडं बघत होते. मीही वाकून बघितलं. उजवा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

दादांनी खाली बघितलं, मग पाय हातानं उचलून बाजूला ठेवला.

परतताना मी चालवली. तेव्हा आठवलं, गेल्या दोन महिन्यांत त्यांची उजवी चप्पल दोनदा पुढून जमिनीला घासून झिजली होती. मी दोन्ही वेळा नवी आणून दिली होती, काहून झिजते हे विचारलं नव्हतं.

दादा नांदेडला डॉक्टरकडं यायला तयार होईनात. जेवण कमी झालं. आठ दिवसांनी चाचा स्वतः पुसेगावला आले. दादा खाटेवरून उठायला लागले तसं चाचांनी त्यांना बसवलं.

"मी तुमच्या हातावर शक घेतला," दादा म्हणाले. "चारचौघांत बोललो."

"तुमी खोटं कुठं बोललात, गुरुजी? तुमच्याकडून ब्रेक लागतच नव्हता."

दादा रडले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. चाचा त्यांचा हात धरून बसले. चहा तसाच निवला.

चाचा गेल्यावर दादांनी विचारलं, "नांदेडला कधी जायचं?"

कमरेतली नस दबून उजवं पाऊल बधिर झालं होतं, उचललं जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर पाय पूर्ण बरा झाला असता. ऑपरेशन झालं. दुखणं आणखी वाढायचं थांबलं, पण पाऊल अजून पूर्ण उचललं जात नाही. दादा काठी घेऊन शाळेपर्यंत जाऊन येतात. गाडी मी चालवते.