पाणपोई बंद करण्याचा ठराव

सरकारी निर्णय कसे होतात, हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून शिकले. माझं माहेर ठाण्याचं. लग्न होऊन कल्याणच्या पुढच्या एका गावात आले, ती स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. गावाचं नाव सांगत नाही. त्या समितीतल्या मंडळींची नातवंडं अजून तिथेच नांदताहेत, आणि माझं तोंड तसंही फटकळ. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नगरपालिकेच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. समितीची सभा कचेरीत भरायची, पण निर्णय आदल्या दिवशी आमच्या ओटीवर व्हायचा. कचेरीत नुसते हात वर करायचे. चहा मी करायचे, त्यामुळे निम्मा कारभार माझ्या कानांवरून जायचा.

त्या वैशाखात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. खालच्या आळीत माणसं गेली, तशी ओटीवर सगळे जमले. डॉक्टर म्हणाले, विहिरींत औषध टाका आणि पाणी उकळून प्यायला लावा. एका सभासदाने कापलेली कलिंगडं विकायला बंदी सुचवली. दुसऱ्या एका सभासदाची कलिंगडाचीच वाडी होती. त्यांनी कलिंगडाचे गुण सांगायला सुरुवात केली. त्यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. पाणपोया बंद करायचं मात्र एका फेरीत ठरलं, कारण पाणपोईवाल्यांचं तिथे कुणी नव्हतं. खरं तर होतं. आत माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होतं.

आत्याबाई मामंजींच्या थोरल्या बहीण. लहान वयात नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. कोपऱ्यावरच्या वडाखाली त्यांची पाणपोई होती. दोन रांजण आणि पाणी काढायला एक ओगराळं, एवढाच पसारा. मुरबाडकडून गवताच्या गाड्या आणणारे गाडीवान तिथे हमखास थांबत. चैत्र लागला की आत्याबाई रोज पहाटे स्वतः रांजण भरायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. पुण्य वाटून घ्यायला नको असेल, असं मी मनात म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. आत्याबाई एका शब्दाने भांडल्या नाहीत. त्यांनी रांजण पालथे घातले आणि शेजारी पाट टाकून बसल्या. जो येईल त्याला शांतपणे सांगत, पाणपोई बंद आहे, अध्यक्षांचा हुकूम आहे, घर हे समोरच, विचारून या. आता भर दुपारी दारात तहानलेला माणूस उभा असताना त्याला पाणी नाही म्हणायची कुठल्या सुनेची छाती आहे? मी आमचं उकळलेलं पाणी देत गेले. ते संपलं, तशी घरातली सगळी पातेली चुलीवर चढली. सासूबाई फुंकणीने चूल फुंकता फुंकता नणंदेच्या नावाने पुटपुटत होत्या.

मामंजी जेवायला आले तर ओटीवर चार गाडीवान पाणी पीत बसलेले. त्यातल्या एकाने त्यांना भाबडेपणाने सांगून टाकलं की, वाटेत आधीच्या नाक्यावरची पाणपोईही बंद होती, म्हणून बाकीचे गाडीवान बैलांबरोबर तळ्याचंच गढूळ पाणी प्याले. मामंजींचा चेहरा उतरला. गाडीवान गेल्यावर त्यांनी बहिणीला आत बोलावलं आणि फार लागेल असं बोलले. गावात माणसं मरताहेत आणि तुला खेळ सुचतोय, असं काहीतरी.

आत्याबाई उंबऱ्यातच टेकल्या. "माझं पोर चार वर्षांचं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी पाणी करत गेलं. पटकी झालेल्याला पाणी द्यायचं नाही, हे तेव्हाही शहाण्यांनीच ठरवलं होतं. आणि माठापाशी राखणीला तुला बसवलं होतं."

त्यांना मूल होतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेले मामंजी भिंतीला धरून खाली बसले.

"मी दहा वर्षांचा होतो, अक्का."

"म्हणून तर कधी बोलले नाही. तेव्हा तू सांगितलेलं ऐकलंस. आता सांगणारा तू आहेस."

मला रडू आवरेना. पुण्य वाटून घेण्यावरून मनात जे म्हणत आले होते, त्याची लाज वाटली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्या दोघांइतकं जवळचं या घरात कुणी वाटलं नाही.

मामंजी जेवले नाहीत. टोपी चढवून उन्हातच बाहेर पडले आणि एकेका सभासदाच्या घरी गेले. संध्याकाळी पुन्हा ओटी भरली. पाणपोया उकळलेल्या पाण्यावर चालवायच्या, सरपण नगरपालिकेने द्यायचं, पाणी उकळतंय की नाही हे बघायला रोज माणूस फिरवायचा, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, उकळा हे मी पहिल्याच दिवशी सांगत होतो. ते खरंच होतं, पण त्या दिवशी ते कलिंगडांत बुडून गेलं होतं.

ठराव बदलायचा तर कारण लिहावं लागतं. कारकुनाने टाक दौतीत बुडवून विचारलं, काय लिहू? आत आत्याबाईंचे सुपातले हात थांबले.

"लिहा," मामंजी म्हणाले, "अध्यक्षांच्या पूर्वानुभवावरून."

कारकुनाने तसं लिहिलं. कुठला अनुभव, हे कुणी विचारलं नाही.