तालमीतली तपकिरी बाटली

वस्तादांनी प्रयोगशाळेच्या पायरीवर चपला काढल्या, दारातच उभे राहिले आणि खोलीत दुसरे कोणी नाही याची आधी खात्री करून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, माणसानं ताकदीचं इंजेक्शन घेतलंय का न्हाय, ते मुतातनं कळतंय काय हो?"

ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षे. बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. 'मास्तर' हे संबोधन आधीच्या नोकरीतून मागे राहिलेले. जांबोटीकडच्या शाळेत बारा वर्षे शिकवल्यावर, पस्तिशी उलटून गेल्यावर, मी जीवरसायनशास्त्राकडे वळलो होतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेले सहकारी मला काम दाखवत, आणि कुठे काच फुटल्याचा आवाज झाला की त्यांच्या नजरा प्रथम माझ्याकडे वळत. अशा माणसाला कोणी जाणकार समजून प्रश्न विचारला, यानेच मी सुखावलो असेन. "कळतं," असे मी म्हणून गेलो. 'काही वेळा कळतं' असे म्हणायला हवे होते.

वस्तादांची तालीम माझ्या घरामागच्या गल्लीत होती. त्यांचा संशय येळ्ळूरच्या एका तरुण पैलवानावर होता. पाच वर्षे तालमीत राहिलेला हा मुलगा पावसाळ्यात शेतीच्या कामासाठी गावी गेला आणि दिवाळीनंतर परतला, तेव्हा त्याची मान खांद्यांत बुडाली होती.

"भाताच्या चिखलात चार म्हैनं राबून आलेला गडी वाळतोय," वस्ताद म्हणाले. "ह्यो फुगून आला. पाठीवर पुळ्या बघा लेकाच्या, इंजेक्शनवाल्यास्नी येत्यात तसल्या. आनी त्या औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरासंगं ह्येचं काय काम असतंय रोज?"

त्यांचा नियम साधा होता. दूध, तूप, बदाम यांपलीकडे काही अंगात गेले, तर पेटी पायरीवर. प्रत्येक पैलवानाची कपड्यांची एक पत्र्याची पेटी तालमीत असे. ती वस्तादांनी उचलून बाहेर ठेवली की आसपासची कोणतीही तालीम त्या पैलवानाला उभे करत नसे. जत्रेचे मैदान दोन महिन्यांवर आले होते आणि या मुलाची जोड वस्तादांनी अजून जाहीर केली नव्हती.

आमच्या डॉक्टरांच्या परवानगीने मी एक मोठी तपकिरी बाटली तालमीत पोहोचवली. तळाशी आम्ल होते, त्याला हात लावू नका असे बजावले, आणि एका दिवसाची व एका रात्रीची सगळी लघवी हिच्यात जमवायची हेही समजावले. पैलवान मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्या सकाळी बाटली बुचापर्यंत भरून आली.

आमच्याजवळची पद्धत रंगाची होती. पुरुषी संप्रेरकांचे शरीरात विघटन होऊन जे अवशेष लघवीवाटे जातात, ते आम्लात उकळून मोकळे करायचे, ईथरमध्ये उतरवून घ्यायचे, आणि मग अंधारात एका रसायनाशी त्यांचा संयोग घडवायचा. अवशेष जितके जास्त, तितका जांभळा रंग गडद. त्या दिवशी नळीतला रंग असा उतरला की, यंत्रात ठेवण्यापूर्वीच मला उत्तर कळले. दिवसाचा हिशेब नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट येत होता.

मी तालमीत जाऊन सांगितले, "जास्त आहे."

वस्ताद ऐकताच उठले. ते आत गेले, आणि पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज आला. पेटी पायरीवर ठेवून ते पैलवानाला म्हणाले, "शिवू नगंस मातीला." तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. तो गोंधळलेला होता.

हाच गोंधळ माझ्या मागे लागला. अपराधी माणूस पकडला गेल्यावर असा दिसतो का? दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या नमुन्यात क्रिएटिनिन मोजले. स्नायूंतून रोज ठरावीक मापाने उतरणारा हा पदार्थ. जमवलेली लघवी खरोखर एका दिवसाची आहे का, हे त्यावरून ताडता येते. शिकवलेले होते की हे आधी मोजावे. मी नंतर मोजले. तेही दुप्पट आले. एका देहातून, मग तो पैलवानाचा का असेना, एका दिवसात इतके येणे शक्य नव्हते.

संध्याकाळी मी तालमीत गेलो. वस्ताद बाजारात गेले होते. पाचसहा पैलवान बसले होते, त्यांना मी विचारले, "बाटलीत आणखी कोणी भर घातली?"

त्यांच्यातला थोरला म्हणाला, "घातली की. त्येची अर्धीच झालती."

"मग अर्धी द्यायची."

"अर्धी?" तो खरोखर चकित झाला. "मास्तर, ह्या तालमीतनं अर्धं भांडं भाईर गेलेलं न्हाय कदी. ताक मागाय कोन आलं तरी काठोकाठ देतो. दवाखान्यात अर्धी बाटली गेली असती तर लोक म्हणाले असते, वस्ताद पोरास्नी दूध पाजतोय का पाणी दाखवतोय? आमी तिघं हुतो. इज्जतीचा प्रश्न हुता."

"आनी माझी ऱ्हायली," मागून एक जण म्हणाला, "बाटलीत जागाच न्हवती." सगळे हसले. पायरीवर पेटीशेजारी बसलेला येळ्ळूरचा पैलवान हसला नाही.

वस्ताद आल्यावर मी माझी चूक कबूल केली आणि दुसरी बाटली भरून मागितली. ते म्हणाले, "पर ह्या टायमाला तुमी सोता बसायचं. कुनावर इस्वास न्हाय माझा." पेटी पायरीवरच राहिली.

म्हणून एका रविवारी मी तालमीत मुक्कामाला गेलो. पैलवान उठला की मी उठत असे. तिसऱ्या वेळी मोरीच्या दाराशी तो थांबला आणि म्हणाला, "मास्तर, आत येतासा का धराय?" मी मान वळवली, पण दार लावू दिले नाही.

माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. सुटताना दारावर बायकांची झडती होई. ती म्हणायची, "जिनं चिमूटभर न्हेली न्हाय, तिलाबी हात वर करावं लागत्यात." त्या दारावर झडती घेणाऱ्या माणसाचा लहानपणी मी मनापासून तिरस्कार केला होता. मोरीच्या दाराशी बाटली धरून उभा असताना तो मला आठवला, आणि तरीही मी कान देऊन ऐकत राहिलो.

या वेळी बाटली अर्धी होती, क्रिएटिनिन एका पैलवानाला साजेसे होते, आणि जांभळा रंग फिका होता. अशा देहाच्या मानाने फारच फिका.

मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण मधल्या दिवसांत मी ग्रंथालयात बसून वाचले होते. परदेशी प्रयोगशाळांत आता अशी यंत्रे होती की जी लघवीतला एकेक पदार्थ वेगळा काढून ओळखत. आमच्या रंगाला इंजेक्शनातले संप्रेरक दिसले असते. ताकदीसाठीच्या कृत्रिम संप्रेरकांच्या गोळ्यांपैकी बऱ्याच त्याला दिसत नाहीत. उलट त्या गोळ्यांमुळे शरीर आपले स्वतःचे संप्रेरक बनवणे आवरते घेते, आणि रंग फिका पडतो. काही निरोगी माणसांचाही तो फिकाच असतो.

"खाल्लंय का न्हाय?" वस्तादांनी विचारले.

"सांगता येत नाही."

"पयल्यांदा लगीच सांगितलासा."

मी कागदावर लिहिले: पहिला नमुना मिसळलेला, ग्राह्य नाही, दुसऱ्यात प्रमाण वाढलेले नाही. यातले प्रत्येक अक्षर खरे होते. प्रमाण किती कमी आहे, हे मी लिहिले नाही. वस्तादांनी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, घडी करून खिशात घातला आणि पेटी स्वतः उचलून आत नेली.

दोन दिवसांनी पैलवान प्रयोगशाळेत आला. रविवारी मी जादा म्हणून नेलेली पहिली बाटली तालमीतच राहिली होती, ती त्याने घासूनपुसून परत आणली होती. टेबलावर ती ठेवून तो म्हणाला, "मास्तर, रंग फिका आला म्हंजे चांगलंच न्हवं?"

"वाढलेला नाही, एवढंच."

तो बाटलीच्या बुचाशी चाळा करत राहिला. "त्यो कंपाउंडर म्हणालता, गोळ्या असल्या तपासणीत घावत न्हाईत म्हणून." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईने म्हणाला, "मी खाल्ल्या असं न्हाय म्हणत. त्यो म्हणालता, तेवढं सांगितलं."

मी बाटली उचलून कपाटात ठेवली. कपाट लावून वळलो तेव्हा तो निघून गेला होता. हे बोलणे मी वस्तादांना सांगितले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

जत्रेच्या मैदानात त्याची जोड निपाणीकडच्या एका पैलवानाशी लागली. वस्तादांनी मला आग्रहाने पुढच्या रांगेत, स्वतःच्या शेजारी बसवले. कुस्ती बराच वेळ चालली. माती उडत होती, हलगी कडाडत होती.

"बघतासा न्हवं, मास्तर?" वस्तादांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारत विचारले.

"बघतोय," मी म्हणालो. मला डाव कळत नव्हते. आमचा पैलवान पलीकडे वळला की, घामाने माती धुऊन निघालेली त्याची पाठ तेवढी मी पाहत होतो. पुळ्या बऱ्याच कमी झाल्या होत्या. त्या कशाने कमी झाल्या, हेही मला सांगता आले नसते.