मोगरीची नाकपट्टी

नामा दापोड्याला एका गोडाऊनच्या गेटवर बसतो. गाडीचा नंबर लिहायचा, ड्रायव्हरची सही घ्यायची, दांडा वर करायचा. बारा तासांची ड्युटी. ह्या कामात चुकण्यासारखं काही नाही आणि साधण्यासारखंही काही नाही, असं तो स्वतःच म्हणतो. पण कोन गावाच्या आसपास कुणालाही विचारा, नामाला वॉचमन म्हणून कुणी ओळखत नाही. अजूनही त्याला ‘घोडीवाला नामा’च म्हणतात. घोडी जाऊन दोन वर्षं झाली, तरी.

मोगरी तिचं नाव. आईवेगळं पांढरं शिंगरू त्याने घरी आणलं तेव्हा ते काठीसारख्या चार पायांवर धड उभंही राहत नव्हतं. ते त्याने हाताने दूध पाजून वाढवलं. पुढे आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांना मोगरी जाऊ लागली. वर नवरदेव बसलेला असायचा, पण रुबाब खाली लगाम धरून चालणाऱ्या नामाचा. बायको गुणाबाई म्हणायची, “आपल्या लग्नात बी येवढा फुगला नव्हता मेला!”

मग भाताची खाचरं जाऊन तिथे गोडाऊनचे पत्रे उभे राहिले. चरायला वीतभर बांध उरला नाही. नामा ड्युटीवर आणि मोगरी दिवसभर खुंट्याला. दीड वर्ष त्याने ते बघितलं, आणि मग पलीकडच्या गावात घोडेस्वारी शिकवणारा क्लब निघाला होता, त्यांना ती देऊन टाकली. लोक म्हणाले, शहाणपणा केलास. केला खरा; पण शहाणपणा गळ्यात पडून मान घासत नाही, की सकाळी खूर आपटून उठवत नाही. क्लब पाच किलोमीटरवर होता. नामा एकदाही तिकडे फिरकला नाही. गेलो तर परत यायला पाय उचलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

ह्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो ओटीवर चहा पीत बसला होता. गल्लीत टापा वाजल्या. कप खाली ठेवायचंही भान त्याला राहिलं नाही. उजवा मागचा पाय जरा उशिरा टेकणारी ती चाल साऱ्या जगात एकाच जनावराची होती.

मोगरीचा लगाम धरून एक मुलगी चालत येत होती. अपूर्वा तिचं नाव. धामणकर नाक्याजवळ राहणारी, एका मास्तरांची मुलगी, कॉलेजात शिकत होती आणि वर्षभर क्लबात मोगरीवर बसत होती. तिने ओळख सांगेपर्यंत मोगरी तिला ओढत थेट मागच्या पडवीत गेली आणि पूर्वी तिला पाणी पाजायच्या दगडाच्या डोणीत तोंड घालून उभी राहिली. डोणीत गुणाबाईच्या कुंड्यांची माती होती. मोगरीने ती हुंगली, फुरफुरली, आणि नामाकडे बघितलं. नामाला वाटलं, आता आपण मोठ्याने रडणार. तो नाक शिंकरायला बाजूला गेला.

“काका, हिचं काहीतरी बिघडलंय,” अपूर्वा म्हणाली. “नवा साज आल्यापासून वर बसलं की मान झटकते, तोंड वासते. परवा एका मुलाला पाडलं तिने. क्लबात शिकवणारे उस्ताद म्हणतात, तोंड आवळून बांधा. जितकं आवळतो तितकी ती जास्तच करते.”

तिने पिशवीतून चार नाकपट्ट्या काढून ओटीवर मांडल्या. लगामाबरोबर घोड्याच्या नाकावरून जाते ती ही पट्टी. एक अरुंद, साधी. एक रुंद, आतून लोकरीचं अस्तर असलेली. तिसरीला तोंड मिटून धरणारा जादा पट्टा. चौथी नाकावर फुली मारल्यासारखी, खालपर्यंत जाणारी.

“ह्यातली कुठली तिला चालेल, तुम्हीच सांगा. तुम्ही तिला लहानाचं मोठं केलंय. आठवडाभरात सुधारली नाही तर तिला ठेवणार नाहीत.”

“मंग कुठं धाडनार?” नामाने विचारलं.

“तुमच्याकडेच. उस्ताद म्हणाले, ज्याची आहे त्याला नेऊन द्या, नुसतं खाणं कोण घालणार?”

एका क्षणात त्याने डोणीतली माती उपसली, पडवीचा पत्रा बदलला, गेटची ड्युटी रात्रीची मागून घेतली, कोपरापर्यंत हात घालून गवताचे भारे सोडले. सगळं मनातल्या मनात. आठ दिवस! आठ दिवस गप्प बसायचं, बस्स.

कारण दुखणं काय होतं, हे त्या पट्ट्या बघता क्षणीच त्याला कळलं होतं. ती आठ महिन्यांची असताना तेव्हाच्या कारखान्यातल्या कामावर एकदा महिनाभर त्याला दुहेरी शिफ्ट पडली होती. तोंडाला नायलॉनच्या दोरीची म्होरकी बांधलेली. शिंगरू वाढत गेलं, दोरी कशी वाढणार? त्याच्या ध्यानात आलं तोवर दोरी नाकावर खाली, जिथे हाड संपत येतं तिथे, कातडीत रुतली होती. जखम भरली, वर पांढरे केस आले. डोळ्यांना काही दिसत नसे; बोट फिरवलं तर खाच लागायची. हे त्याने गुणाबाईशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. क्लबाला देतानाही नाही. आणि तिकडचे लोक नेमकं त्याच खाचेवर आवळत होते.

त्याने फुलीवाली पट्टी उचलली.

“ही बघू लावून,” तो म्हणाला. दारात उभी असलेली गुणाबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

“जपून हां काका, ही लावताना ती चावायला येते,” अपूर्वा म्हणाली.

नामाने पट्टी नाकावरून घेतली, खाली खाचेवर बसवली, बक्कल ओढलं. मोगरी चावली नाही. तिने मान झटकली नाही, पाऊलही हलवलं नाही. कानामागची शीर तेवढी थरथरली. दुखत होतं तिला, चांगलंच दुखत होतं. पण हात नामाचा होता, म्हणून ती सोसत उभी राहिली.

नामाला ते बघवेना. त्याने घाईघाईने बक्कल सोडलं आणि पट्टी ओटीवर फेकली.

“मी खोटा बोलतंय, बाय. हिला ही चालनार न्हाय. हात दे तुजा इथं.”

त्याने अपूर्वाचं बोट धरून खाचेवरून फिरवलं. ती दचकली. “हे कसं झालं?”

“मीच केला. दोरी सोडायला इसरलू व्हतू.” मग त्याने रुंद, लोकरीची पट्टी घेतली. “ही बांदायची. गालाचं हाड लागतंय ना, त्याच्याखाली दोन बोटांवर. खाली सरकवायची न्हाय. बांदल्यावर पट्टी आन् नाकाच्या मदी दोन बोटा जायाला पायजे. माजी बोटा जाडी हायेत, तुजी तीन धर. आन् तुज्या उस्तादला सांग, घोडा तोंड वासतो तं तो काय तरी सांगतो. बांदून काय व्हनार?”

अपूर्वाने तीन वेळा स्वतःच्या हाताने बांधून सोडून बघितली. चौथ्यांदा बांधल्यावर ती वर बसली आणि तिने मागच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारल्या. मोगरीने मान खाली सोडली, सैल, लांब. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून मोगरीच्या मानेला बिलगली, आणि ते बघताना नामाला हेवा वाटला.

“येत जा ना काका क्लबात. तिला बरं वाटेल.”

“बगू,” नामा म्हणाला.

त्या दोघी निघाल्या. नामा रस्त्यापर्यंत आला. दोन्हीकडे पत्र्याच्या भिंती, मधून पांढरी घोडी सरळ समोर बघत, आपल्या त्याच लयीत चाललेली. वळणापर्यंत शंभर पावलं असतील. एकदा तरी मागे बघेल, असं त्याला प्रत्येक पावलाला वाटत होतं.

ती लहान असल्यापासून तो जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचा. तो ऐकला की मोगरी चारा टाकून, वरात सोडून, कुठूनही त्याच्याकडे वळायची. एका मोठ्या वरातीत नवरदेवासकट वळली होती.

आता जीभ आपोआप टाळूला लागली. नामाने तोंडावर हात दाबून धरला, आणि पांढरी पाठ वळणाआड जाईपर्यंत तो काढला नाही.