मँचेस्टरमधला कापूस

मी मँचेस्टरला शिकायला गेले, त्या वर्षी फुलसावंगीच्या शेतात बाबांनी कपाशी सोडून सोयाबीन पेरलं होतं. पहिल्याच सुटीत मी एकटी शहर पाहायला निघाले. ट्राम, कालवे, लाल विटांच्या गिरण्या; किती पाहू नि किती नको, असं झालं होतं. एका संग्रहालयात जुनं सूतयंत्र चालवणाऱ्या म्हाताऱ्या कामगारानं विचारलं, "इथं कुणी कापूस वेचलाय?"

मी हात वर केला. त्यानं पुढे बोलावून कापसाचा पुंजका दिला. चिमटीत ओढून धाग्याची लांबी कशी पाहतात, ते मी दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येताच मी घरी फोन लावला. सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "धागा कसा होता?"

"लांब होता, बाबा."

"येतानी थोडा आणजो. मले पाहाचा हाय."