हातावरचे आकडे

छापखान्यात तिला सगळे अनुस्वारबाई म्हणत. सव्वीस वर्षं प्रुफं वाचून नजर अशी तयार झाली होती की शब्दाच्या डोक्यावरचं एक टिंब गळलं तरी तिला ते दिसायचं. आता दिवसभर चुकाच शोधणाऱ्या माणसाला इतरांच्या चेहऱ्यांवरही चुकाच दिसायला लागतात, त्याला कोण काय करणार? कोण कुणाकडे बघून हसलं, आपण आत शिरल्यावर कोण गप्प झालं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं टिपलेलं असायचं.

या संशयाला कारण होतं, पण ते ती कुणाजवळ बोलली नव्हती. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तीन वर्षांपासून तिला लघवीची घाई व्हायची. साधीसुधी नव्हे, आली की आलीच! कुठे नळ सुटल्याचा आवाज आला, दाराच्या कुलपात किल्ली फिरली, की संपलंच. कधीकधी तासाभरात दोन-दोनदा उठायचं. एकदा तर जिन्यातच थोडं झालं होतं, आणि त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने आपलं डोकं चालवलं आणि पाणीच सोडलं. दुपारपर्यंत घोटभरही नाही. त्याने झालं काय, तर घाई तशीच आणि वर चुरचुर. घ्या!

शेवटी गल्लीतला दवाखाना टाळून, दोन बस बदलून ती लांबच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासण्या केल्या. जंतू नाहीत, साखर नाही. "तुमचं मूत्राशय जरा उतावळं आहे," बाई म्हणाल्या. "भरायच्या आधीच ओरडतं. त्याला वळण लावू या. पाणी नीट प्या, चहा कमी करा. घाई आली की धावत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, खालचे स्नायू आवळून धरायचे, लाट ओसरली की सावकाश जायचं. आणि आधी तीन दिवस नोंद हवी. किती वाजता, मापाने किती, आणि घाई शून्य ते तीनपैकी किती." बाईंनी मापाचा प्लास्टिकचा पेलाही दिला.

पहिला दिवस सुट्टीचा होता, तो घरी निभावला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात परीक्षेचे पेपर लागले, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

प्रश्नपत्रिका छापायच्या असल्या की प्रुफं बंद खोलीत वाचायची. आत कागद न्यायचा नाही, बाहेर आणायचा नाही. लाल पेन आतच मिळायचं, आतच ठेवायचं. बाहेर पडणाऱ्याची वेळ दारावरच्या वहीत लिहायची आणि झडतीवालीने खिसे, अंबाडा, कपड्यांची शिवण सगळं चाचपायचं. गेल्या परीक्षेला गणिताचे प्रश्न फुटले होते, म्हणून यंदा साहेब स्वतः तासातासाला ती वही बघत होते.

अनुस्वारबाईने पेला सकाळीच संडासात बादलीमागे दडवला. पण नोंद लिहायची कशावर? कागद नाही, आणि झडतीवालीच्या नाकासमोर लिहायची तर सोयच नाही. मग तिने काय करावं? परत येऊन जागेवर बसली की टेबलाखाली हात धरायचा, बाही वर सारायची आणि लाल पेनाने मनगटाच्या आत लिहायचं. १०.२०, १५०, ३. प्रश्नपत्रिकेच्या खोलीत बसून अंगावर आकडे लिहायचे! सव्वीस वर्षांच्या अनुभवी बाईला यातला धोका दिसू नये? पण तिचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता, कुणाला कळता कामा नये.

पाचव्या खेपेला झडतीवालीने बाही वर केली.

"ताई, हे काय?"

"काही नाही. हिशोब आहे."

"कसला?"

"घरचा," ती म्हणाली, आणि आपण किती वाईट खोटं बोललो ते तिचं तिलाच कळलं.

पुढच्या पाच मिनिटांत ती साहेबांच्या खोलीत होती आणि दार आतून लावलेलं होतं. साहेबांनी गणिताच्या पेपरची उत्तरसूची उघडली. दहावा प्रश्न, तीन गुणांचा. टाकीत किती पाणी उरलं? उत्तर, एकशे पन्नास लिटर.

"दहा, एकशे पन्नास, तीन." साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटतच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग ते वीस कसले? आणि खालच्या ओळी?" झडतीवालीने विचारलं.

"असेल काहीतरी खूण. बाई, दुपारपर्यंत चार वेळा बाहेर गेलात, ही पाचवी. परवा पेपर नव्हते तरी सात वेळा. बाहेर कोण भेटतं तुम्हाला?"

अनुस्वारबाईने बाही खाली ओढली. पोलीस येतील, नोकरी जाईल, सव्वीस वर्षांच्या नावाला काळं फासलं जाईल, हे सगळं तिला दिसत होतं. आणि तरी, खरं सांगायचं तर, मनात ती एकच गोष्ट तोलत होती. चोर ठरलेलं परवडेल, पण या दोघांसमोर तो शब्द उच्चारायचा नाही.

तेवढ्यात ती लाट आलीच. पाचवी खेप राहूनच गेली होती ना!

"मला जाऊन यायचंय," ती म्हणाली.

"हात धुवायला?" साहेब म्हणाले. "आता पोलीस येईपर्यंत या खोलीतून पाऊल बाहेर टाकायचं नाही."

ती उभी राहिली. धावायचं नाही. जागच्या जागी थांबायचं. स्नायू आवळून धरायचे. तिने भिंतीकडे बघत दहा आकडे मोजले, परत दहा मोजले. लाट थोडी खाली गेली, पुन्हा वर आली. साहेबांनी फोन उचलला. मग मात्र तिचा संताप असा उसळला की लाज कुठल्या कुठे गेली.

"लघवी आहे ती, साहेब! वेळ, माप आणि घाई. डॉक्टरांनी लिहायला सांगितलंय. पेला बादलीमागे आहे. विश्वास नसेल तर हिला पाठवा माझ्याबरोबर, पण आत्ता! नाहीतर तुमच्या या सतरंजीवर पुरावा देते!"

फोन साहेबांच्या हातातच राहिला. झडतीवालीने काही न विचारता कडी काढली.

दोघी संडासात गेल्या. झडतीवालीने पेला उजेडात धरला, माप पाहिलं आणि परत येऊन शपथेवर सांगावं तशी म्हणाली, "एकशे ऐंशी, साहेब." साहेबांनी दारावरची वही मागवली आणि हातावरच्या वेळा ताडून पाहिल्या. सगळ्या मिनिटाला मिनिट जुळल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

"बाई, आधी सांगायचंत ना."

"तुम्ही मोजत होतात," ती म्हणाली. "विचारायचंत ना."

घरी गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली आणि हात न धुता तसाच पुढे केला. जिन्यापासून पेल्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये दोनदा रडली. हा आता हसेल की तोंड वाकडं करेल, हे टिपायला तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर रोखलेले होते. त्याने तिचं मनगट हातात घेतलं आणि आकडे एकेक करून वाचले.

"म्हणजे नाटक अर्ध्यावर टाकून उठायचीस, बहिणीकडे जेवायला बसलो की निघू या म्हणायचीस, शेवटी माझ्याबरोबर कुठे यायचंच बंद केलंस..."

"त्यामुळेच रे."

"आणि मी तीन वर्षं समजत होतो, तुला माझ्या शेजारी बसवत नाही."