वालावरचा मावा

आमच्या कळस गावच्या घरी दारावर माझ्या बायकोनं वालाचा वेल चढवला होता. थंडीत आभाळ आलं की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसायचा. काळा, बारीक, मोहरीसारखा किडा. औषध मारू द्यायची नाही. म्हणायची, "उसाला मारा तुमचं औषध. ही भाजी हाय, पोटात जायाची." सकाळी दव असतानाच चुलीतली गार राख चाळणीनं शेंड्यांवर झाडायची. दवावर राख चिकटते, कोरड्या पानावर थांबत नाही.

नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात ती गेली. पोरबाळ नव्हतं, अग्नी मीच दिला. म्हणून सुतकात कोपराही मलाच. घोंगडीवर बसायचं, रानात जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. बसल्या जागेवरनं दार दिसायचं, अन् दारात वेल.

एका सकाळी वेलावर मुंग्या चढताना दिसल्या. मुंग्या चढल्या म्हणजे मावा आलाच. धाकट्या बहिणीला म्हणालो, "वेलावर राख मार."

"कुठली राख, दादा? चूल कुठं पेटलीया?"

खरंच की. दहाव्यापर्यंत आमच्यात चूल पेटवत नाहीत, शेजारची भाकरी खायची. जुनी राख बायकांनी पहिल्याच दिवशी उकिरड्यावर नेऊन टाकलेली.

"शेजारनं आण."

"सुतकाच्या घरात राख देतं व्हय कुणी? येडा झालास का?"

भेटायला आलेला एक म्हातारा हसला. "आबा, बायकू गेली अन् तुमाला वाल सुचतुया!"

एकदा उठलो, तर चुलत्यानं दंडाला धरून खाली बसवलं. मावाही हलत नाही, तोंड खुपसलं की तिथंच. तो तिकडं, मी इकडं. पानं चिकट झाली, वाकडी झाली, फुलं गळाली.

दहाव्याला पिंड ठेवला अन् कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, "सुटली बाई. कायबी इच्छा राहिली न्हवती." मला राग आला. कशी नव्हती? वेल तसाच होता की.

घरी येऊन बहिणीनं चूल पेटवली. गरम राखेनं पान करपतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. उजाडताच चाळणी घेऊन वेलाखाली गेलो. निम्मा वेल काळा पडला होता. एका शेंड्याला अजून फुलं होती, तिथं चाळणी हलवली. सगळी राख एकाच पानावर पडली. ती हात कसा हलवायची, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

दव सुकायच्या आत परत चाळणी भरून आणली.